वाईट शब्दांची शिकवणी

वॉटरफोर्ड, ८ नोव्हेंबर २०२०

ती. उपेंद्रमामा,

पायांना हात लावला असं समजा, दोन मीटरवरून.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. चारूदादा मध्ये दुभाषा म्हणून उभा राहिला की माझं निम्मं बोलणं तो आपल्या मनानं कापून टाकतो. म्हणून पत्र. फेब्रुवारीत सहा आठवड्यांसाठी मुलाकडे आयर्लंडला आलेला माणूस डून लेरीला दिवाळी करतोय म्हटल्यावर तुम्हालाही काहीतरी उद्योग हवाच असेल. मी आणलाय.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर दोइना आणि मिहाय हे रोमेनियन जोडपं राहतं. मिहाय मांसाच्या कारखान्यात आहे. दोइना आमच्याच फॅक्टरीत साफसफाईला येते. तिला चांगले शब्द सगळे येतात: लव्हली, ग्रँड, थँक्स अ मिलियन. वाईटासाठी मात्र एकच शब्द, बॅड. गेल्या आठवड्यात केमिकलच्या खोलीचं दार कुणीतरी उघडं टाकलं आणि सुपरवायझरनं तिच्यावर ढकललं. तिला म्हणायचं होतं, तुमची चूक होतेय. ती म्हणाली, 'यू आर बॅड मॅन.' आता तिच्या नावावर एक लेखी ताकीद आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली आणि म्हणाली, मला वाईट गोष्टींचं इंग्रजी शिकव.

मी क्वालिटीवाली बाई. स्टेंटमधली खोट मला दिसते, शब्दातली कशी समजावू? तुम्ही आयुष्यभर कराडच्या मुलांना इंग्रजी शिकवलंत. तुम्ही लिहा, मी तिला सोपं करून सांगते, ती रोमेनियनमध्ये उतरवून घेईल.

तुमची,
निवेदिता


डून लेरी, १३ नोव्हेंबर २०२०

चि. निवेदितेस,

आशीर्वाद भरपूर, फराळ शून्य. सूनबाईंनी चिवडा केलाय, त्यात मनुका आहेत. असो.

पडत्या फळाची आज्ञा मानून लगेच बसलो. तुझ्या दोइनाबाईंना सांग, बॅड हा शब्द मिठासारखा आहे. सगळ्यात पडतो, पण नुसत्या मिठाचं जेवण होत नाही. अंडं बॅड, रस्ता बॅड, बातमी बॅड. माणसाची चूक झाली तर तो राँग. मुद्दाम टोचून बोलला तर मीन, त्याहून घाण वागला तर नॅस्टी. खोड्या काढणारं पोर नॉटी. आणि पुरता रावण झाला की ईव्हिल. सुपरवायझर लोक बहुतेक वेळा राँग असतात, ईव्हिल फार थोडे. उलटीची भावना आली की सिक, अंथरूण धरलं की इल, आणि दुखरा भाग असेल तो सोअर.

हे झालं माझ्या पुस्तकातलं. पण या देशाचं माप उलटं आहे गं. शेजारचे म्हातारबुवा कुंपणापलीकडून मोठ्यानं बोलतात, म्हणून तेवढे मला कळतात. परवा पावसाला ते 'डेस्परेट' म्हणाले, सँडविचला 'ब्रूटल' म्हणाले, आणि त्यांच्या बायकोचा कॅन्सर 'नॉट ग्रेट' आहे म्हणाले. म्हणजे लहानसहान वाईटाला मोठा शब्द आणि मोठ्या वाईटाला लहान. हे दोइनाला नीट शिकव. आयरिश माणूस आवाज खाली आणून 'नॉट ग्रेट' म्हणाला की समजावं, भयंकर काहीतरी आहे.

तुझ्या मामीचा कराडहून रोज एक मेसेज येतो, चारूच्या फोनवर; मला इथे स्वतःचा फोन नाही. शिवणवर्ग बंद, मशीन चालू. तिला म्हटलं होतं चल माझ्याबरोबर, तर थंडी सोसत नाही म्हणाली. आता मी लस घेतल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही असा चारूचा हुकूम आहे. मला तिची फार आठवण येते. हे चारूला सांगू नकोस, तो उगाच अपराधी चेहरा करून फिरतो.

तुझा,
उपेंद्रमामा


वॉटरफोर्ड, ६ डिसेंबर २०२०

ती. मामा,

शिकवणी जोरात आहे. दोइना सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, 'मी बॅड म्हटलं, मला राँग म्हणायचं होतं. यू आर स्टिल राँग.' तो हसत सुटला. 'फेअर प्ले टू यू', म्हणजे शाब्बास, म्हणाला आणि ताकीद मागे घेतली. त्या आनंदात मिहायनं कोबीच्या पानात गुंडाळलेला भात भांडंभर आणून दिला. तीन दिवस आमच्या फ्रिजमध्ये दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

मिहाय म्हणजे दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा माणूस. आम्ही शिकत असलो की जिन्यातून ओरडून विचारतो, गार पडलेल्या सूपला काय म्हणायचं? नवऱ्याचा फोन न उचलणाऱ्या बायकोला काय?

दोइना म्हणते, आमच्याकडे हे इतके शब्द नाहीत, सगळ्याला एकच, रउ. म्ये रउ म्हणजे मला बरं वाटत नाही. ओम रउ म्हणजे वाईट माणूस. आणि माफ करा म्हणायचं तर इम पारे रउ, शब्दशः, मला वाईट वाटतं. मामा, हे तर आपलंच झालं! मी तिला म्हटलं, तू मराठी शिकली असतीस तर एवढे कष्टच पडले नसते.

तिला मरणाचे शब्दही हवेत. तिची आई तिकडे गावी थकली आहे, कामावर सांगायची वेळ आली तर नीट सांगता यावं म्हणून. लिहाल?

निवेदिता


डून लेरी, १४ डिसेंबर २०२०

चि. निवेदिता,

मरणाला इंग्रजीत डाय. तो शब्द तिला समजला पाहिजे, पण तोंडात 'पास्ड अवे' बसव. सभ्य समाजात तेच चालतं. आपण तरी कुठे बांगडी फुटली म्हणतो? वाढवली म्हणतो. दिवा विझत नाही, शांत होतो. डब्यातले तांदूळ संपले तरी तुझी मामी 'वाढले' म्हणते. एकदा मी 'संपले' म्हणालो तर म्हणाली, घरात असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी इंग्रजीचा मास्तर, विज्ञाननिष्ठ वगैरे, पण त्या दिवसापासून मीही वाढलेच म्हणतो.

लसीचा नंबर कधी लागतो बघायचं. लागला की पहिलं विमान.

उपेंद्रमामा


वॉटरफोर्ड, २४ जानेवारी २०२१

ती. मामा,

मिहाय गेला.

नवीन वर्षाच्या आठवड्यात कारखान्यातून ताप घेऊन आला. आठ तारखेला त्याला इथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. दोइनाचं फोनवरचं इंग्रजी कच्चं, म्हणून हॉस्पिटलला माझा नंबर दिला होता. रोज संध्याकाळी नर्स मला फोन करायची आणि मी जिना उतरून दोइनाला सांगायची.

गेल्या सोमवारी नर्सनं काही आडवळण घेतलं नाही. म्हणाली, तो आता वाचणार नाही, एका माणसाला आत यायची परवानगी आहे, बायकोला आत्ता पाठवा. मला सगळं स्पष्ट कळलं होतं. मी खाली गेले. दोइना मिहायचे शर्ट इस्त्री करत होती, तो घरी येईल तेव्हासाठी. मामा, माझ्या तोंडातून ते शब्द निघेचनात. मी बोलले तर ते खरं होईल असं वाटलं. मी म्हणाले, 'तो खूप आजारी आहे. तुला भेटू देणार आहेत. जाऊन ये.' आता जाऊ का, असं तिनं विचारलं. तिचा चेहरा इतका दमलेला होता की मी म्हणाले, सकाळच्या पहिल्या बसनं जा.

तो पहाटेच गेला.

अंत्यविधीला दहाच माणसं चालतात. आम्ही चौघं होतो. परतताना दोइनानं विचारलं, नर्स नक्की काय म्हणाली होती? मी खरं सांगितलं.  ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून: 'तुझ्याकडे तो शब्द होता. तू मला दुसरा दिलास.' त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. खालून तिच्या रेडिओचा आवाज येतो, तेवढाच.

मला तोंड दाखवायला जागा नाही.

निवेदिता


डून लेरी, २९ जानेवारी २०२१

माझ्या गुणी बाळा,

पत्र वाचून मलाही रडू आलं. त्या धिप्पाड माणसाला मी पाहिलं नाही, पण तुझ्या पत्रांतून तो माझ्या ओळखीचा झाला होता.

आता मास्तरचं ऐक. तू मिहायला मारलं नाहीस. तू एका दमलेल्या बाईला एक रात्र झोप दिलीस. आपल्याकडे वाईट बातमी अशीच देतात. आधी 'जरा बरं नाही', मग 'जास्त आहे', आणि शेवटचं तर कुणी बोलतच नाही, समोरचा चेहऱ्यावरून ओळखतो. माझे वडील गेले तेव्हा मला तार आली होती, 'फादर सीरियस, स्टार्ट.' अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मी सोडून. एसटीत सारा वेळ मी आशेवर बसलो होतो. त्या आशेचे उपकार मी अजून मानतो. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

दोइनाला वेळ दे. दुःखात माणूस जवळच्यावरच तुटून पडतो. मनाला लावून घेऊ नकोस.

उपेंद्रमामा


[ईमेल]
प्रेषक: चारुदत्त
२० एप्रिल २०२१

निवेदिता, आईला कोविड झालाय. कराडला ॲडमिट केलंय. शिवणवर्गातल्या सुचित्रानं रिक्षातून तीन हॉस्पिटलं फिरून बेड मिळवला. ऑक्सिजनवर आहे. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं बरीच गेलीत, व्हेंटिलेटर लागेल, आणि या वयात त्यावरून परत येणं कठीण. मी चेरीवूडच्या ऑफिसचं काम घरून करतोय आणि स्क्रीनसमोर नुसता बसलोय. विमानं जवळजवळ बंदच. जाऊन पोचणं शक्य नाही.

बाबांना काही कळवायचं नाही. आईचा फोन बिघडलाय असं सांगितलंय. त्यांचं बीपी तुला माहीत आहे. त्यांना काही झालं तर मी दोन्हीकडून जाईन. तुझं पत्र आलं नाही तर त्यांना संशय येईल. नेहमीसारखं काहीतरी लिही. प्लीज.


वॉटरफोर्ड, २१ एप्रिल २०२१

ती. मामा,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, रागावला असाल. फॅक्टरीत ऑडिट आहे, मान वर करायला फुरसत नाही. हवा मात्र छान आहे. इथले लोक लगेच टी-शर्टवर आलेत, बारा डिग्रीत.

चारूदादाशी बोलले. मामींचा फोन बिघडलाय म्हणे. त्यांना जरा कणकण आहे, पण सुचित्रा येऊन-जाऊन आहे, काळजीचं काही नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या.

निवेदिता


डून लेरी, २३ एप्रिल २०२१

चि. निवेदिता,

कणकण म्हणजे ती पुन्हा गच्चीत वाळवणं घालायला उन्हात बसली असणार. सुचित्राला कळव, गवती चहा आणि सुंठ उकळून दे, आणि मशीनवरचं कापड काढून घे, नाहीतर ही तापातही परकर शिवत बसेल.

माझी पहिली लस झाली! दंड सोअर आहे. शब्द बरोबर वापरला ना? चारूला म्हटलं, आता तिकिटाचं बघ. तर तो उठून बाहेर गेला. आजकाल फार चिडचिडा झालाय, कामाचा ताण असेल. मी तुझ्या नंदामामीसाठी इथल्या लोकरीची शाल घेऊन ठेवली. थंडी सोसत नाही म्हणणारीला आयर्लंडचीच ऊब न्यायची, अशी माझी थट्टा आहे. जूनमध्ये जाईन म्हणतो. दोन महिने काय, असे जातील.

उपेंद्रमामा


वॉटरफोर्ड, २६ एप्रिल २०२१

मामा,

हे पत्र उभ्यानं वाचू नका. बसा. चारूदादाला हाक मारून शेजारी बसवा आणि मग पुढे वाचा.

मामींना कोविड झाला आहे. गेल्या सोमवारपासून त्या कराडच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर आहेत. त्या बहुतेक वाचणार नाहीत. डॉक्टर त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवायच्या विचारात आहेत. एकदा ठेवलं की त्यांना बोलता येणार नाही, पाहताही येणार नाही. आज सकाळपर्यंत ठेवलेलं नव्हतं. आज त्या शुद्धीवर आहेत. सुचित्राच्या ओळखीची एक नर्स आत फोन नेऊन धरते. तुम्ही त्यांना पाहू शकता, पण वेळ थोडा आहे. हे पत्र उद्या, मंगळवारी सकाळी तुमच्या हातात पडेल अशा खास टपालानं पाठवतेय. मंगळवारीच बघा.

कणकण मी लिहिलं. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ठाऊक होतं. चारूदादानं सांगितलं म्हणून लिहिलं, आणि तुम्हीच जानेवारीत म्हणाला होतात की आशेचे उपकार मानावेत, त्याचाही मी आडोसा घेतला. काल मी त्याला फोनवर विनवलं, सांग म्हणून. त्यानं फोन ठेवून दिला. त्याच्यावर रागावू नका, तो घाबरलाय.

मामा, तुमचं परवाचं पत्र वाचून मी जिन्यात बसले होते. शालीपर्यंत आले आणि पुढे वाचवेना. दोइना वर आली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. काय झालं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हाताऱ्याला माहीत आहे? मी म्हटलं, नाही. त्याचं हृदय. ती म्हणाली, 'माझंही हृदय होतं.' मग माझ्याजवळ पायरीवर बसली आणि म्हणाली, स्पुने. म्हणजे सांग. मी हे लिहून होईपर्यंत ती इथून उठायची नाही म्हणते.

मला क्षमा करू नका. आधी फोन लावा.

निवेदिता


डून लेरी, ३ मे २०२१

निवेदिता,

तुझं पत्र मंगळवारी सकाळी आलं. वाचलं. चारूसमोर धरलं. तो लहानपणी पडल्यावर रडायचा तसा रडला. मग त्यानं फोन लावला.

आधी राग लिहितो, नाहीतर बाकीचं खोटं होईल. मला तुझा राग आला. अजून आहे. आठवडाभर ती तिकडे श्वासासाठी धडपडत होती आणि मी इकडे सुंठीचे उपाय कळवत होतो. त्या आठवड्यात रोज एकदा तरी मी तिला पाहिलं असतं. जानेवारीत मी तुला जे लिहिलं ते चूक होतं. मला स्वतःला तुझं 'कणकण' मिळालं तेव्हा कळलं.

आता ऐक. नर्सनं फोन धरला. तोंडावर मोठा मास्क, फक्त डोळे आणि कपाळ. ती काही बोलत होती, पण मला ऐकू येत नाही आणि मास्कमुळे ओठ दिसत नव्हते. चारूलाही यंत्रांच्या आवाजात काही कळेना. मी ओरडून काहीबाही बोललो, तिला कितपत पोचलं देव जाणे. मग तिनं हात उचलला आणि स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मला कळेना. चारूला कळलं. तो म्हणाला, बाबा, दाढी.

लॉकडाउनमध्ये मी दाढी करणं सोडलं होतं. बघायला कोण येतंय? तिला मेसेज जायचे, फोटो मी कधी पाठवला नव्हता.

चारूनं गरम पाणी आणलं, आरसा धरला. सूनबाईंनी फोन समोर टेकवून ठेवला. मी तिच्यासमोर बसून दाढी केली. दोनदा कापलं. कापलं की ती कपाळाला आठी घालायची. मधूनमधून डोळे मिटायची, मी थांबायचो, मग उघडून बोटानं सांगायची, चालू दे. डाव्या कानाखाली राहिलं होतं, तेही तिनं दाखवलं. नर्स बिचारी सगळा वेळ हात अवघडून उभी होती. पूर्ण झाल्यावर मी तोंड पुसलं आणि फोनजवळ गेलो. तिनं नीट पाहिलं. मान हलवली. मग फोन बंद झाला.

गुरुवारी सकाळी नंदा मेली. चारूनं 'आई गेली' असं कागदावर लिहून दाखवलं. 'गेली' खोडायला मी त्याच्याकडे पेन मागितलं नाही, पण तुला मात्र मी जे झालं तेच लिहितो आहे. सुचित्रानं लांबून पाहिलं, तिलाही जवळ जाऊ दिलं नाही.

दोइनाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी तुला उठू दिलं नाही, म्हणून मला मंगळवार मिळाला. तू लिहिलंस, तेव्हा तुझ्यावरचा रागही जाईल, थोडा वेळ लागेल. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याबाहेर प्रवास खुला होतोय म्हणतात. आलीस तर ये. त्यांनाही आण.

आज पुन्हा खुंट वाढलेत. चारू सकाळी गरम पाणी ठेवून गेला. ते गार झालं.

उपेंद्रमामा